गाडी कळंबोलीत फटक्यात चालू, निफाडला पहाटे ढिम्म. पंप उतरवायचा का?

सहाचाकी_मालक
शनिवार, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी. पंपाला पाना लावायच्या आधी चार जाणत्यांचं ऐकावं म्हणून धागा काढतोय.

गाडी २०१३ ची, सहाचाकी, चार सिलिंडर, टर्बो, डिझेल दाबानं सिलिंडरला पाठवणारा मायकोचा मेकॅनिकल इनलाइन पंप. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), सेन्सर असलं काही नाही. २४ व्होल्ट, दोन बॅटऱ्या, दोन्ही दीड वर्षाच्या. हिवाळ्यात आमची फेरी ठरलेली. कळंबोलीहून पुठ्ठ्याची खोकी भरून निफाडकडच्या पॅकहाऊसला, तिथून द्राक्षं नाहीतर कांदा घेऊन वाशी मार्केट. गाडी रात्री दहा-अकराला पोचते, ड्रायव्हर-क्लीनर केबिनमध्येच झोपतात, आणि पहाटे साडेपाचला पॅकहाऊसवाला 'गाडी धक्क्याला लावा' म्हणून काच ठोकतो.

तिथून रडगाणं सुरू. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पकडत नाही. मारत राहिलं की बॅटरी बसते. मग कुणाचा तरी ट्रॅक्टर शोधा, दोर लावा, ओढा. एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही. कसारा चढताना ओढ चांगली, ॲव्हरेज नेहमीचं, वाटेत चहाला बंद केली तरी लगेच चालू. कळंबोलीच्या यार्डात रात्रभर उभी असली तरी सकाळी पहिल्या सेल्फला चालू.

ड्रायव्हर म्हणतो डिझेल गोठतं. तिथला मिस्त्री म्हणतो पंप-नोझल काढून द्या, वीस-बावीस हजार धरा. निफाडला पारा सहा-सातवर आलाय हे खरं, पण शेजारी उभ्या बाकीच्या गाड्या चालू होतात की!

सुरुवात कुठून करू?

कटिंग_चाय
९:२०

गाडीला स्वेटर घाला.

वाशी_गाळा
९:३१

बॅटरी बदला. विषय संपला.

भिवंडी_फ्लीट
९:५८

न मोजता बॅटरी बदलली तर नवीसुद्धा तशीच बसेल, कारण इंजिन पकडत नाही म्हणून ड्रायव्हर सेल्फ मारतच राहणार. मी भिवंडीला गोदामाच्या गाड्यांचं मेन्टेनन्स बघते. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, धुळ्याकडून असेच फोन येतात आणि त्यातले अर्धे लोक फोन करायच्या आधीच बॅटरी घेऊन मोकळे झालेले असतात.

साधा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सेल्फ मारायच्या आधी, दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. पूर्ण चार्ज असेल तर प्रत्येकीला १२.६ च्या आसपास यायला हवं. १२.४ म्हणजे पाऊण, १२ म्हणजे जवळपास संपलेली. मग सेल्फ मारताना दोन्ही मिळून किती खाली जाते ते बघा. १९ च्या खाली जात असेल तर एक तर बॅटरीत दम नाही, नाहीतर सेल्फच जास्त करंट खातोय. अर्थिंगही तपासा. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकला, आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचा लग खराब.

थंडीत बॅटरीची ताकद खरंच कमी होते. शून्य अंशाला साधारण वीस टक्के जाते. निफाडला तेवढीही जायची नाही.

फोरमनकाका
१०:४०

मालक, पंपाला हात लावू नका. आधी गाडी काय सांगते ते ऐका, त्याला पैसे पडत नाहीत.

उद्या पहाटे सेल्फ मारताना क्लीनरला सायलेन्सरच्या तोंडाशी उभा करा. सगळं निदान तिथून सुरू होतं. इंजिन फिरतंय आणि मागून पांढरा धूर येतोय, डोळ्याला झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा, तर याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय पण पेटत नाही. मग बघायचं ते गरमी, कॉम्प्रेशन, नोझल आणि इंजिन किती जोरात फिरतं ते. पण धूर अजिबात नसेल, सायलेन्सर कोरडा ठणठणीत असेल, तर डिझेल पोचतच नाही. मग कॉम्प्रेशनच्या नावानं बोंब मारण्यात अर्थ नाही. या दोन वाटा पहिल्याच मिनिटाला वेगळ्या होतात, आणि लोक नेमकं तेवढंच बघत नाहीत.

दुसरं, इंजिन फिरण्याचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून आणायला सांगा. कळंबोलीतलाही करा. दोन्ही शेजारी ठेवून ऐकले की वेग कळतो. याचं कारण सांगतो. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नाही. हवा साधारण सतराव्या हिश्श्यात दाबली जाते, त्या दाबानं ती पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि त्यात डिझेल पडलं की पेटतं. इंजिन रेंगाळत फिरलं तर दोन नुकसानं होतात. हवेला रिंगांच्या कडेनं निसटायला वेळ मिळतो, आणि तापलेली हवा आपली गरमी थंडगार लायनरला देऊन बसते. म्हणून मुंबईत ज्या वेगाला इंजिन पकडतं, त्याच वेगाला निफाडला पकडेलच असं नाही. थंडी नवा बिघाड पैदा करत नाही, पण आहे त्या उणिवेला पांघरूण घालायचं बंद करते.

तिसरं, स्टॉप केबल. गाडी बंद करायची दोरी पूर्ण परत जाते का? पंपावरचा तिचा दांडा अर्धवट अडकला तरी डिझेल बंद राहतं. केबलमधलं जुनं ग्रीस गारठ्यात घट्ट होतं. हातानं दांडा ढकलून बघायचं, एक मिनिटाचं काम.

चौथं, सेल्फ मारायच्या आधी फीड पंपावरचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपावरचा) हँड प्रायमर, म्हणजे हातानं डिझेल चढवायचा दट्ट्या, दाबून बघा. लगेच कडक लागतो की पोकळ जातो?

एवढं कळवा. आणि एकदा सेल्फ मारला की दहा-पंधरा सेकंदांवर धरू नका, मध्ये मिनिटभर थांबा. सेल्फ जळला तर बावीस हजारांच्या वर तोही खर्च.

लेह_रिटर्न
११:१२

ड्रायव्हरदादांना हसू नका, उत्तरेत गाडी मारणाऱ्यांकडून त्यांनी ऐकलेलं असणार आणि ते खोटं नाही. डिझेलात पॅराफिनचं मेण असतं. गारठ्यात डिझेल आधी गढूळ होतं, मग मेणाचे कण फिल्टरवर बसतात आणि शेवटी वाहणंच थांबतं. आपल्या डिझेलचं मानक आयएस १४६०. त्यात थंडीनं फिल्टर तुंबण्याची मर्यादा हिवाळ्यात ६ अंश आणि उन्हाळ्यात १८ अंश आहे, आणि हिवाळा म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिझेल ओतता येईल असं तापमान हिवाळ्यात ३, उन्हाळ्यात १५. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत, प्रत्यक्ष डिझेल त्याहून बरं असू शकतं.

लडाखला हे चालत नाही. इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये तिकडच्यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं, पानिपतच्या रिफायनरीत बनवलेलं. त्याआधी आम्ही रॉकेल मिसळायचो आणि रात्र रात्र इंजिन चालू ठेवायचो. तुम्ही रॉकेलच्या भानगडीत पडू नका. पंपाला डिझेलचंच वंगण असतं, रॉकेल ते पातळ करतं. शिवाय भेसळीत पकडले गेलात तर वेगळं निस्तरा.

पण तुमचं दुखणं मेणाचं वाटत नाही. मेण धरलं की गाडी बहुतेक वेळा लाइनीत असलेल्या डिझेलवर चालू होते आणि लोड पडला की दम तोडते. तुमचं उलट आहे, चालूच होत नाही, आणि झाली की दिवसभर ठणठणीत. खात्री हवी असेल तर टाकीतलं डिझेल पाण्याच्या पारदर्शक बाटलीत भरून रात्रभर गाडीच्या आरशाला टांगा. पहाटे टॉर्च मारून बघा. आरपार दिसलं तर गोठण्याचा विषय मिटला.

कटिंग_चाय
११:१५

पहाटे बाटली बघून क्लीनर प्यायला नाही म्हणजे मिळवलं. लेबल लावा.

पंपवाला_कुर्ला
रविवार, सकाळी ८:०५

माझं पोट पंप-नोझलवर आहे, तरी सांगतो, हा पंप उतरवू नका. घाटात ओढ आहे, काळा धूर नाही, ॲव्हरेज पडलेलं नाही. पंपाचे एलिमेंट झिजले असते तर गाडी गरम असताना चालू करायला जास्त त्रास झाला असता, कारण गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या जागेतून मागे सरकतं. यांची गाडी तर गरम असताना लगेच चालू होते. आमच्याकडे असे पंप येतात, मशीनवर लावले की रीडिंग बरोबर निघतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, आलोच आहे तर करून टाका. आम्ही करतो. गाडी परत जाते आणि पुन्हा पहाटे उभी.

काकांनी विचारलेलं आधी कळवा.

पिकअपवाला_पालघर
८:३२

धाग्यात घुसतोय, माफी. माझी पिकअप बीएस-६, कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल). जव्हारला भाजी भरायला पहाटे जातो. खूप सेल्फ घेते, आणि चालू झाल्यावर थोडा वेळ थरथरते, पांढरा धूर सोडते. मग ठीक. डॅशबोर्डवरचा पिवळ्या वेटोळ्याचा दिवा लागतो आणि विझतो. डीईएफ (धूर स्वच्छ करायला घालतात ते युरियाचं पाणी) गोठत असेल का?

भिवंडी_फ्लीट
९:१०

पिकअपवाले दादा, डीईएफ उणे ११ अंशांना गोठतं, जव्हार अजून तिथवर गेलेलं नाही. तुमची लक्षणं ग्लो प्लगची, म्हणजे थंड सिलिंडर आधी तापवणाऱ्या प्लगची आहेत. चारपैकी एक-दोन गेले की ते सिलिंडर थोडा वेळ पेटत नाहीत, तेवढा वेळ थरथर आणि पांढरा धूर. दिवा लागला म्हणजे प्लग तापले असं समजू नका. प्लगची वायर काढून टोक आणि बॉडी यांच्यात ओहम मोजा. चांगला प्लग साधारण एका ओहमच्या आसपास दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. चारही चांगले निघाले तर रिले बघा.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. वरचा धागा वाचून कॉमन रेलचे नट सैल करून हवा काढायला जाऊ नका. रेलमध्ये हजार बारच्या पुढे दाब असतो, तो फवारा कातडीतून आत घुसतो. मेकॅनिकल पंपाच्या युक्त्या त्या गाडीपुरत्याच.

सहाचाकी_मालक
सोमवार, सकाळी ११:२०

फेरी झाली. ड्रायव्हरनं सगळं बघून, व्हिडिओ काढून पाठवलंय.

बाटलीतलं डिझेल स्वच्छ, आरपार. स्टॉप केबल मोकळी. धूर नाही. क्लीनर सायलेन्सरपाशी नाक लावून उभा होता, वाससुद्धा नाही म्हणतो. हँड प्रायमर सुरुवातीला पोकळ गेला, बरंच दाबल्यावर कडक झाला. त्यानंतर सेल्फ मारला तर पांढरा धूर आला आणि गाडी पकडली! ट्रॅक्टर लागला नाही.

आवाज ऐकला. निफाडला पहिला सेल्फ बऱ्यापैकी, पण कळंबोलीच्या मानानं मंद, आणि लगेच रेंगाळायला लागतो. म्हणजे बॅटरीचंही काहीतरी आहे. व्होल्ट अजून मोजले नाहीत, मीटर इथे यार्डात राहिला.

फोरमनकाका
११:५५

पोकळ प्रायमर आणि कोरडा सायलेन्सर. गाडी हवा घेतेय. रात्रीत डिझेल लाइनीतून मागे टाकीत उतरतं, त्या जागी हवा बसते. सकाळी सेल्फला आधी ती हवा ढकलायची आणि मग इंजिन पेटवायचं अशी दुहेरी मजुरी.

आता हवा शिरते कुठून? इथे भले भले फसतात. सगळी लाइन पुसून बघतात, ओल नाही, थेंब नाही, म्हणून म्हणतात गळती नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन दाबाखाली नसते, ती ओढणारी बाजू आहे. तिथं भेग असली तर डिझेल बाहेर टपकत नाही, हवा आत खेचली जाते. भोक पडलेल्या स्ट्रॉनं उसाचा रस ओढून बघा, बाहेर थेंब सांडणार नाही पण तोंडात निम्मी हवा. दिवसा इंजिन चालू असताना फीड पंप भरपूर डिझेल ओढतो, थोडे बुडबुडे आले तर ते ओव्हरफ्लोच्या वाटेनं टाकीत परत जातात. म्हणून घाटात काही जाणवत नाही. रात्री इंजिन बंद झालं की तीच भेग काम दाखवते.

संशयित ठरलेले आहेत. टाकीवरचा रबरी होज आणि त्याची क्लिप, पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याचं सील, बेंजो बोल्टाचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टाचे) वॉशर, हँड प्रायमरचं आतलं सील, आणि फीड पंपाचे वॉल. रबर जुनं झालं की कडक होतं, गारठ्यात आणखी आकसतं. मुंबईच्या उबेत तोच होज नळीला धरून बसतो. तुमच्या कोड्यातला थंडीचा एक हिस्सा इथे असेल.

पण सगळा हिस्सा थंडीचा आहे याची मला खात्री वाटत नाही. पॅकहाऊसला गाडी उभी कशी करतात?

निफाडकर
दुपारी १:१०

काका, हे मी सांगतो. आमच्याकडच्या बऱ्याच पॅकहाऊसना धक्का वर आणि आवार उतरतं. रात्री आलेली गाडी रस्त्याकडे तोंड करून चढावर लावतात, सकाळी पटकन निघता यावी म्हणून. म्हणजे नाक वर, टाकी खाली.

आणि थंडीचं म्हणाल तर आमच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो. मुंबईकरांनी वीस अंशाला मफलर काढायचे आणि आम्हाला गाडी शिकवायची!

कटिंग_चाय
१:१८

निफाडकर, २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंश होतं. आम्हीही कधीकाळी गारठलोय.

सहाचाकी_मालक
१:४०

> गाडी उभी कशी करतात?

ड्रायव्हरला फोन केला. नाक वरच. दर वेळी. आमचं यार्ड सपाट आहे.

फोरमनकाका
२:०५

मग निफाडला जायची गरजच नाही. यार्डाजवळ कुठे चढ असेल तर आज रात्री नाक वर करून उभी करा. कळंबोलीत निफाडसारखा गारठा पडत नाही. तिथंही पकडायला नखरे केले तर थंडी बाजूला ठेवा आणि हवेचा माग काढा. चाकांना दगड लावा, हँडब्रेकवर विसंबू नका.

वाशी_गाळा
२:२२

एवढा खटाटोप कशाला? एअर फिल्टरच्या तोंडाशी डिझेलचा बोळा पेटवून धरा, नाहीतर स्टार्टिंगचा स्प्रे मारा. आमचे ड्रायव्हर तेच करतात.

पंपवाला_कुर्ला
२:५०

बोळ्यानं कागदी फिल्टर पेटलेला मी पाहिलाय, आणि टर्बोनं आत ओढलेली चिंधीसुद्धा. स्प्रे म्हणजे इथर, ते डिझेलच्या कितीतरी आधी पेटतं. पिस्टन वर येत असतानाच स्फोट झाला की रिंगा तुटतात, कधी कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्या गाडीला ग्लो प्लग किंवा हवा तापवणारा हीटर आहे तिथं तर स्प्रेचं नावच नको, मॅनिफोल्डमध्येच भडका. आणि एकदा सवय लागली की स्प्रेशिवाय गाडी चालूच होत नाही असं ड्रायव्हर सांगू लागतात, कारण मूळ बिघाड कुणी बघतच नाही.

टाकीखाली शेकोटी करणारेही आहेत. त्यांच्याबद्दल बोलत नाही.

सहाचाकी_मालक
मंगळवार, सकाळी ९:०२

काल रात्री वजनकाट्याच्या रॅम्पवर परवानगी काढून नाक वर करून लावली. हवेत नेहमीचा दमटपणा, पंखा लावून झोपावं अशी रात्र. सकाळी पहिल्या सेल्फला पकडली नाही! बराच वेळ फिरत राहिली, मग धूर, मग चालू. काल सपाटीवर हीच गाडी चुटकीसरशी चालू झाली होती.

म्हणजे इथंही हवा घेतेय, फक्त इथं बॅटरीत दम असतो म्हणून निभावून जातं.

भिवंडी_फ्लीट
९:२०

छान झालं. आता पारदर्शक नळी लावा. लेव्हल बघायला गवंडी वापरतात तसली नको, डिझेलला टिकणारी घ्या. आधी भांड्याच्या आणि फीड पंपाच्या मध्ये लावा आणि इंजिन चालू ठेवा. बुडबुडे दिसले तर भेग त्याच्या मागे, टाकीकडे. दिसले नाहीत तर पुढे सरका. एकेक जोड मागे टाकत जायचं, अंदाजानं सगळे वॉशर बदलायचे नाहीत. आणि आज तरी व्होल्ट मोजा!

सहाचाकी_मालक
मंगळवार, रात्री ८:३५

जागेवरच कळंबोलीचा मिस्त्री बोलावला. पंप न खोलता नुसती नळी लावायचीय म्हटल्यावर तोंड वाकडं केलं, पण लावली.

चालू करताच नळीत बारीक बुडबुड्यांची माळ. रेस केली की माळ दाट. मग नळी भांड्याच्या मागे, टाकीच्या बाजूला नेली, तरी बुडबुडे. म्हणजे उरला फक्त टाकीवरचा होज. वरून बघितला तर चांगला काळाभोर. क्लिप सोडून होज हातात घेऊन वाकवला आणि क्लिपखालच्या कडेला सगळीकडून बारीक तडे उघडले, नखाचं टोक जाईल एवढे. क्लिपनं झाकलेली जागा, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेला पडली नाही. नवा होज, दोन नव्या क्लिपा, फिल्टरच्या वरचा स्क्रू सैल करून प्रायमरनं स्वच्छ डिझेल येईपर्यंत हवा काढली. खर्च मजुरीसकट हजाराच्या आत. नळीत आता एकही बुडबुडा नाही.

आता बॅटरी. गाडी दुपारभर बंद ठेवून मोजल्या. एक १२.७, दुसरी १२.१. अर्थिंग ताईंनी सांगितलं तसं मोजलं, ते ठीक निघालं. दोन्ही बॅटऱ्या एकाच दिवशी घेतलेल्या, एकीला काय झालं?

फोरमनकाका
९:१०

१२.१ वाली चासीला अर्थ झालेली आहे का बघा. आणि तिच्या प्लस खांबावरून एखादी बारीक वायर केबिनमध्ये गेलीय का?

सहाचाकी_मालक
९:४८

काका, तुम्ही यार्डात येऊन बघून गेलात का? लाल वायर आहे, इन्सुलेशन टेपनं गुंडाळलेली, थेट केबिनमध्ये. म्युझिक सिस्टीम, दोन मोबाइल चार्जर आणि एक छोटा पंखा तिच्यावर. ड्रायव्हर म्हणतो आधीच्या मालकाच्या वेळपासून आहे.

फोरमनकाका
१०:२५

मुंबईतल्या निम्म्या ट्रकांत असते. गाडी २४ ची, गाण्याची पेटी १२ ची, म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर ओढतात. रात्रभर चार्जर आणि गाणी त्या एकीला उतरवतात. सकाळी अल्टरनेटर मात्र दोघींना मिळून अठ्ठावीस देतो. जी भरलेली आहे ती जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, जी उतरलेली आहे ती कधी पूर्ण भरतच नाही. ड्रायव्हरला विचारा, पाणी कायम एकाच बॅटरीत घालावं लागतं का ते. हो म्हणेल, आणि ती १२.७ वाली असेल.

सेल्फचा करंट दोघींतून सारखाच जातो, त्यामुळे कमजोर बॅटरी आधी बसते आणि सगळं मंदावतं. निफाडला रात्री केबिनमध्ये झोप, म्हणजे तिच्यावर लोड. कळंबोलीत ड्रायव्हर घरी जातो, लोड नाही. वर चढावर उभी गाडी, होजमधून हवा, थंडीनं जड झालेलं ऑइल. हे सगळं त्या एकाच पहाटे एकत्र येत होतं.

२४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर बसवा, लाल वायर काढून टाका. १२.१ वाली बाहेर काढून एकटी पूर्ण चार्ज करा, रात्रभर ठेवून मोजा. टिकली तर ठेवा. नाही टिकली तर दोन्ही बदला, जोडीत एक नवी एक जुनी चालवू नका.

वाशी_गाळा
१०:३१

म्हणजे बॅटरी होतीच!

भिवंडी_फ्लीट
१०:३४

होती. पण नवी जोडी आणली असती तर होजचे तडे तसेच राहिले असते आणि लाल वायर तिलाही खात बसली असती.

निफाडकर
१०:५०

आमच्याकडे आलात की सांगा, द्राक्षाच्या बागेत चहा पाजतो. गाडी नाक वर करूनच लावा, बघू दे तरी.

सहाचाकी_मालक
शनिवार, सकाळी ७:१५

कन्व्हर्टर बसवला. बॅटरी चार्ज करून टिकली, १२.६ वर आहे. पाणी खरंच एकाच बॅटरीत घालत होते.

काल रात्री गाडी मुद्दाम त्याच चढावर, नाक वर. निफाडकर, गारठा तुमच्या लौकिकाला साजेसा होता, ड्रायव्हर ब्लँकेटसकट स्टिअरिंगवर बसला होता. प्रायमरला हात न लावता सेल्फ मारला. पहिल्याच सेल्फला पकडली, सुरुवातीला थोडा पांढरा धूर, मग स्वच्छ. आता धक्क्याला लागून खोकी उतरतायत.

एक शंका राहिली. ऑइल २०डब्ल्यू-४० आहे. १५डब्ल्यू-४० घालू का?

पंपवाला_कुर्ला
८:००

कंपनीच्या पुस्तकात चालत असेल तर पुढच्या ऑइल चेंजला घाला, गारठ्यात फिरायला हलकं पडतं. नुसतं त्यासाठी चांगलं ऑइल आत्ता सांडू नका. त्याऐवजी भांड्याखालचा नळ सोडून पाणी काढत जा. थंड रात्री अर्ध्या रिकाम्या टाकीत दंव धरतं, शक्यतो संध्याकाळीच टाकी भरून घ्या.

पिकअपवाला_पालघर
८:४५

ताई, ग्लो प्लग मोजले. दोन बंद निघाले. नवे आणलेत, पण जुने हलत नाहीत. मिस्त्री म्हणतो लांब पाइप लावून जोर मारू.

फोरमनकाका
९:०५

जोर मारू देऊ नका, प्लग हेडमध्येच तुटेल आणि हेड उतरवावं लागेल. आज मुळाशी गंज सोडवणारं ऑइल सोडून ठेवा. उद्या गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून इंजिन पूर्ण तापू द्या आणि गरम असतानाच हळूहळू मागे-पुढे करत सोडवा. थोडा फिरून अडकला तर परत आवळा, पुन्हा ऑइल, पुन्हा सोडवा. नवा बसवताना टॉर्क रेंच वापरा. पाइप मिस्त्रीला घरी न्यायला सांगा.